पेवाचं तोंड

म्हस्क्यांच्या घरात अपघात कधी होत नसत. जे काही व्हायचं ते कोणाच्या तरी नजरेनं, ग्रहानं नाहीतर पायगुणानं होई, आणि एकदा कारण सापडलं की घर निवांत जेवायला बसे. रंगरावांच्या तीन वर्षांच्या मंजुळेचा हात उकळत्या दुधानं भाजला तो शेजारच्या सोजराबाईची दृष्ट लागून. दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवून भुईवर पोरीच्या वाटेतच ठेवलं होतं, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. धाकटे रंगराव माडीच्या शिडीवरून पडले ते साडेसातीत. शिडीची पायरी मात्र साडेसातीच्या तीन वर्षं आधीच मोडलेली होती. म्हातारी माय न्हाणीच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली, खुबा मोडून सहा महिने अंथरुणावर राहिली आणि गेली. भेटायला आलेल्या प्रत्येकाला थोरले भगवंतराव सांगत, की तिचं वय झालं होतं. वय झालं होतं हे खरंच. दगड तसाच होता.

तो दगड शेवटी गीताबाईनं राखेनं घासला. ही भगवंतरावांची सून, उत्तमरावाची बायको. तिचे वडील मेहकरच्या दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून घरात तिला मागून ‘डाक्तरीनबाई’ म्हणत. तिनं शिडीला नवी पायरी ठोकून घेतली, चुलीपुढं हातभर उंचीचा मातीचा ओटा घातला. या तिन्ही कामांनंतर घरात कोणाला काही झालं नाही, त्यामुळे त्यांचा काही उपयोग झाला असं कोणाला वाटलं नाही.

वैशाखातला सोमवार. दुसऱ्या दिवशी लोणारचे शेषराव मापारी आपली माणसं घेऊन डोणगावला येणार होते. भगवंतरावांच्या लेकीची, शालूची, सुपारी फुटायची होती. पाहुण्यांसाठी गहू होता, तूप होतं, गूळही होता. नव्हती ती फक्त ओसरीवरच्या कणगीत ज्वारी. हंगाम यंदा बेताचा झाला होता आणि माणसाच्या उंचीची ती कणगी गुडघ्याएवढी भरलेली होती. पाहुण्यांनी आत डोकावलं तर काय दिसेल, या विचारानं भगवंतराव दोन दिवस नीट जेवले नव्हते. म्हणून गोठ्यापुढचं पेव उघडायचं ठरलं. जमिनीखाली दोन पुरुष खोल असलेल्या त्या खड्ड्यातली निम्मी ज्वारी दोन वर्षांपूर्वी काढली होती. उरलेली निम्मी दगड आणि चिखलानं लिंपून ठेवली होती.

सकाळी शिळा सरकवली तेव्हा आंबूस, कोंदट वास सगळ्या अंगणात पसरला. भगवंतराव निंबाखाली खाटेवर बसले होते. त्यांनी नाकाला उपरणं लावलं आणि सालदार गडी मोतीरामला सांगितलं, “उतर. अंधार पडाच्या आत कनगी भरली पाह्यजे.”

मोतीरामनं दोर उचलला. तो कमरेला बांधणार एवढ्यात दोराचं दुसरं टोक ओढलं गेलं. त्यानं वळून पाहिलं. सरस्वतीबाई ते टोक आपल्या कमरेभोवती गुंडाळत होत्या. गाठ मारून झाल्यावर त्या पेवाच्या काठाशी मांडी घालून बसल्या.

सरस्वतीबाई म्हणजे भगवंतरावांची धाकटी बहीण, रंगरावांची थोरली. एकोणीस वर्षांपासून विधवा, तेव्हापासून माहेरी. घरात त्यांचा कोणाला त्रास नव्हता. पहाटे उठत, गोठा बघत, दिवस मावळला की निजत.

“काय करून राह्यली तू, सरस्वते?”

“बसली हाव.”

“तथी कायले बसली? उठ. मोतीरामले उतरू दे.”

“कंदील आन. आधी कंदील उतरन, मंग मानूस उतरन.”

“भर दिवसा कंदील?”

“खाली दिवस नाही, दादा.”

भगवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. सुभद्राबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. नवऱ्याची एक चूक त्यांच्या आत्ता लक्षात येत होती. पेव उघडायचं असलं की आधी सरस्वतीबाईला सोनाळ्याला मावशीकडे पाठवायची, अशी या घराची पद्धत होती. एकोणीस वर्षांत चार वेळा पेव उघडलं, चारही वेळा मावशीला एकाएकी भाचीची आठवण आली. या खेपेला सुपारीच्या गडबडीत मावशीला आठवण यायची राहून गेली.

“उद्या पाहुणे येऊन राह्यले,” भगवंतराव म्हणाले. “तुले समजते का?”

“येऊ दे. गव्हाच्या पोळ्या खातीन.”

“अन् कनगी?”

“कनगी खात नाहीत पाहुणे.”

रंगराव तेवढ्यात मागच्या दारानं आले. थोरल्या भावाची अडचण झालेली त्यांना लांबूनच ओळखू येई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “बाई बरोबर बोलून राह्यली, दादा. काऊन एवढी घाई? एक दिवस उघडं राहू दे ना.” बहिणीबद्दल त्यांना इतका कळवळा मागच्या दहा वर्षांत आला नव्हता. पण शालूच्या सोयरिकीत आपल्याला कोणी काही विचारलं नाही, हे त्यांच्या मनाला लागलेलं होतं. ते बोलून दाखवण्यापेक्षा पेवाबद्दल बोलणं बरं दिसत होतं.

भगवंतरावांनाही भाऊ ओळखीचा होता. त्यांनी खाटेवर बाजूला सरकून जागा केली.

“बस. मी तुलेच बलावनार होतो. उद्या बैठकीत बोलनं तूच कर. मापाऱ्यासंगं देन्याघेन्याचं तूच ठरव. माह्याच्यानं आता ते होत नाही.”

रंगराव बसले. थोडा वेळ पेवाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, उठ ओ आता. मोतीराम काही लहान नाही. त्याले समजते कसं उतराचं ते.”

मोतीरामला काय समजतं हे त्या अंगणात कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो दोराचं आपल्याकडचं टोक हातात धरून उभा होता. अकरा वर्षं तो या घरी सालदार होता. या पेवात तो आधी दोनदा उतरला होता. दुसऱ्या वेळी खाली गेल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं होतं आणि टोपलं भरताना हात दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे जड झाले होते. वर आल्यावर तो गोठ्यामागं ओकला. त्या वर्षी सुभद्राबाईंनी त्याच्या बायकोला, रुक्मिणीला, जुनं लुगडं दिलं होतं. तिनं विचारलं, “हे कशाचं?” आणि त्याला सांगता आलं नव्हतं.

“मोतीराम,” गीताबाई म्हणाली. ती चुलीपासून उठून दारात आली होती, पदर डोक्यावर, हाताला पीठ. “तुम्हाला उतरायचं आहे का?”

मोतीरामनं आधी मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

“पाटील म्हनतीन तसं,” तो म्हणाला.

“पाटलांचं मी ऐकलं. तुमचं विचारते.”

“सूनबाई,” भगवंतराव आवाज न चढवता म्हणाले, “भाकरी करपत असन.”

“भाकरी उतरवूनच आले, मामंजी. आमचे बाबा म्हणतात, पेवात धान्य कोंडलं की खालची हवा मरते. ती वर येत नाही, तळाशी बसून राहते. माणूस खाली वाकला की संपलं. दवाखान्यात आणेपर्यंत काही उरत नाही. दिवा सोडला तर कळतं. दिवा विझला तर माणूसही विझतो.”

“तुह्या बापाच्या दवाखान्यात पेव हाय काय?”

“पेवातली माणसं आणतात ना तिथं.”

भगवंतराव सुनेला सोडून सरस्वतीबाईंवर रागावले. “तू उठते का नाही? का मी उचलू?”

“उचल,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “तुमच्यात मानूस उचलाची सवय हाय. दोन उचलले होते ना त्या वर्षी इथून.”

रंगरावांनी उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

ते वर्ष मानमोडी तापाच्या साथीचं. पाऊस गेलेला, ज्वारी मिळेनाशी झालेली, गावात रोज तिरडी. सरस्वतीबाईंचे यजमान पुंजाजी त्यांना माहेराहून न्यायला आले होते. त्या दिवशीही पेव उघडलं होतं आणि त्या दिवशीही घाई होती, कारण घाई या घरात कधी कमी पडली नाही. तेव्हाचा सालदार काशीराम खाली उतरला. हाक मारली तर ओ आली नाही. झोपला असन, असं भगवंतराव म्हणाले होते. पुंजाजी जावई होते, दुसऱ्याच्या अंगणात नुसते बसून राहणं त्यांना जमलं नाही. ते त्याला काढायला उतरले. सरस्वतीबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, आत जेवणाचं पान वाढत होत्या. वाढून झालं तेव्हा दोघांनाही वर काढून अंगणात ठेवलेलं होतं. अंगावर एक ओरखडा नव्हता.

पंचनामा झाला असता तर घराची अब्रू गेली असती. पण गावात रोज चार माणसं तापानं जातच होती. भगवंतराव तासाभरात पोलीसपाटलाकडे जाऊन आले आणि त्या दिवशी सहा नोंदली गेली. बाहेर मानमोडी सांगितली. घरात सांगितलं की पेवात जुना पुरुष आहे, त्याला माणूस लागतं. सासरच्यांनी मानमोडी घेऊन आलेली सून परत ठेवून घेतली नाही. सरस्वतीबाईंनी त्या जुन्या पुरुषाला दर अवसेला नारळ फोडला. एकोणीस वर्षं फोडला. गेल्या वर्षी गीताबाई लग्न होऊन आली. एका दुपारी तांदूळ निवडताना तिच्या वडिलांनी पाहिलेल्या दोन मुडद्यांची हकिकत तिनं सहज सांगितली. कुठल्याशा गावचे, पेवातून काढलेले, अंगावर ओरखडा नाही. सरस्वतीबाईंनी विचारलं, “दिवा सोडून पाहाले पाह्यजे होता म्हनतेस?” गीताबाई म्हणाली, “एवढंच.” त्या अवसेला सरस्वतीबाईंनी नारळ फोडला नाही. खोबरं किसून मंजुळेला दिलं.

एवढंच होतं, हे त्यांना सहन होत नव्हतं. मोठा जुना पुरुष असता तर बरं होतं.

“वन्सं,” सुभद्राबाई ओसरीवरून खाली आल्या. नणंदेच्या जवळ उकिडव्या बसून त्या हळू आवाजात बोलू लागल्या. “झालं ते झालं. शालूकडं पाहा जरा. उद्या पाहुण्याच्या कानावर गेलं की पेवावर विधवा बाई दोर बांधून बसली होती, तर कोन देईन सुपारी? पोरीचं नशीब कायले नासवता?”

“मोतीरामच्या बायकोचं नासलं तर चालते?”

“असं कुठी म्हनलं मी? त्याले काही होत नाही. दोन डाव उतरला तो. रांगडा मानूस हाय.”

“काशीराम बी रांगडा होता.”

सुभद्राबाई उठल्या. नवऱ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. नणंद हट्टी आहे, बायकांनी ओढून काढावी लागेल, असं त्या मानेचं म्हणणं होतं. त्यांनी दोन्ही मोलकरणींना हाक मारली सुद्धा.

पण त्याच वेळी उत्तमराव बाजारातून आला. नवा फेटा बांधलेला, दुसरा पाहुण्यांसाठी काखेत. तो भगवंतरावांचा एकुलता मुलगा, वय पंचवीस, डाव्या हाताचं एक बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं. यंत्राच्या चाकाला झाकण बसवा असं सांगणारा कारागीर तेव्हा लबाड ठरला होता आणि बोट शनिवारी गेल्यामुळे सगळा दोष शनिवारकडे गेला होता. उत्तमरावाला माणसं जमलेली दिसली की त्यांच्यात पुढं उभं राहावंसं वाटे. त्यानं काय चाललंय ते विचारलं, ऐकलं, आणि हसला.

“एवढंच? मोतीरामले भेव वाटते तर मी उतरतो. आपल्याच घरचं पेव हाय.” त्यानं फेटे खाटेवर ठेवले आणि सदरा काढायला सुरुवात केली. “आत्या, दोर द्या इकडं. नाही देत तर बिना दोराचा जातो. किती खोल हाय, दोन पुरुष तर हाय.”

तो पेवाच्या काठाशी आला आणि पाय आत सोडून बसला.

सुभद्राबाई पळाल्या. इतक्या वर्षांत त्यांना अंगणातून पळताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मुलाच्या दंडाला दोन्ही हातांनी धरलं. “उत्तम, मांगं हो. मांगं हो म्हनते ना मी.”

“सोड ना माय.”

“मांगं हो. तुम्ही काऊन बसले तथी?” हे नवऱ्याला होतं. “सांगा ना त्याले.”

भगवंतराव खाटेवरून उठले होते. चेहरा पांढरा पडला होता. मोतीराम उतरत होता तोपर्यंत पेवात काही नव्हतं. आता एकाएकी त्यात सगळं होतं, काशीराम होता, पुंजाजी होते, जुना पुरुषही असेल.

“उत्तम,” ते म्हणाले, “उतरू नको. सूनबाई, कंदील आना.”

गीताबाई कंदील घेऊन आधीच दारात उभी होती. मोतीरामनं आपल्या हातातलं दोराचं टोक खाली ठेवलं, फार हळू, आणि कोणाकडे न बघता. त्याला आत्ता एक गोष्ट नीट समजली होती. ती आपल्याला आधीपासून माहीत होती, असंही त्याला वाटलं.

कंदील पेटवून सुतळीला बांधला आणि गीताबाईनं तो खाली सोडला. एक हात गेला, ज्योत स्थिर होती. दीड हात गेला, ज्योत तांबडी झाली, लांब झाली. दोन हात जाताच ती बसली आणि गेली.

“वात खराब असन,” भगवंतराव म्हणाले.

“वात नवी आहे,” गीताबाई म्हणाली. “तेल काठोकाठ आहे.”

रंगराव उठून स्वतः घरात गेले आणि देवघरातली चिमणी घेऊन आले. वहिनींना न विचारता देवघरातली वस्तू उचलण्याचं धाडस त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं. चिमणी तिथंच विझली. मग मोतीरामनं गोठ्यातली वाळकी पऱ्हाटी पेटवली. कपाशीची काटकी, तेल न घालता धडधडून जळणारी. ती त्यानं दोरीला बांधून सोडली. दोन हातांवर ती पाण्यात बुडवल्यासारखी काळी झाली आणि धूर खाली न जाता तिथंच पसरून बसला.

सरस्वतीबाईंनी हे तिन्ही वेळा काठावर वाकून पाहिलं. मग त्यांनी कमरेची गाठ सोडली.

“जुना पुरुष तीन डाव फुकून राह्यला वाटते, दादा,” त्या म्हणाल्या. “लय दम हाय त्याच्यात.”

उत्तमराव पाय वर घेऊन काठापासून बाजूला झाला. त्यानं सदरा उगीच झटकला आणि अंगात घातला. गीताबाई त्याच्याजवळ गेली नाही. तिला त्याचा राग आला होता आणि तो जिवंत होता म्हणून रडूही येत होतं. दोन्ही एकत्र जमेना म्हणून ती निंबाची मोठी फांदी तोडायला गेली.

ती फांदी दोराला बांधून दुपारभर पेवात वर-खाली केली. आळीपाळीनं मोतीराम, उत्तमराव, गीताबाई आणि रंगराव. रंगराव दर दहा खेपांमागं एकदा सांगत, की त्यांनी हेच सकाळी सुचवलं होतं. मंजुळा पेवाकडे येऊ नये म्हणून सुभद्राबाईंनी तिला मांडीवर घेतली आणि काठाभोवती चार खाटा उभ्या करून आडोसा केला. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत पेव तसंच उघडं होतं आणि ओसरीवरची कणगी तशीच गुडघ्याएवढी.

मंगळवारी सकाळी कंदील सोडला. तो तळाशी ज्वारीवर जाऊन टेकला आणि जळत राहिला. सगळ्यांनी शंभर अंक मोजेपर्यंत पाहिलं.

“उतर आता,” भगवंतराव म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

मोतीरामनं दोर कमरेला बांधला. मग दुसरं टोक त्यांच्यापुढं धरलं.

“धरा, पाटील.”

“मी?”

“तुमी. हाक मारली अन् ओ आली नाही, तर तुमीच ओढा. झोपलो असन म्हनू नका.”

अकरा वर्षांत मोतीराम पाटलांशी एवढं लांब वाक्य बोलला नव्हता. भगवंतरावांनी सरस्वतीबाईंकडे पाहिलं. काशीरामबद्दलचे ते शब्द तेव्हा आत पान वाढणाऱ्या बहिणीलाही ऐकू गेले होते, आणि तिनंच ते मोतीरामला सांगितले होते, हे त्यांना आता कळलं. त्यांनी दोर घेतला. मोतीराम खाली असेपर्यंत, म्हणजे दोन तास, त्यांनी दोर सोडला नाही, तपकीर ओढली नाही, आणि दर टोपल्याला “मोतीराम” अशी हाक मारली. दर हाकेला खालून “हाव” आलं. शेवटी शेवटी तर मोतीरामला ओ देऊन देऊन तहान लागली, पण त्यानं एकही हाक चुकवली नाही. दोर सोडला तेव्हा पाटलांच्या तळहाताची कातडी निघाली होती.

पाहुणे आले तेव्हा कणगी गळ्यापर्यंत भरलेली होती.

सरस्वतीबाईंना सुभद्राबाईंनी आदल्या सांजेलाच सांगून ठेवलं होतं, की सुपारी फुटेपर्यंत मागच्या अंगणात बसा, शुभ काम आहे. काल एवढं होऊन गेलं तरी शुभ आणि अशुभ आपापल्या जागीच होते. सरस्वतीबाई मागं बसल्या. पण मधलं दार उघडं होतं आणि बैठकीतलं सगळं ऐकू येत होतं.

शेषराव मापारी साठीचे, जाडजूड, थोडं बोलणारे. त्यांनी कणगीकडे पाहिलं, बरोबरच्या माणसांकडे पाहिलं. भगवंतरावांनी तेवढं पाहणं पुरेसं मानलं.

“पेवातली हाय,” ते म्हणाले. “आजच काढली. आमच्या घरची रीतच हाय, आधी कंदील सोडाचा, मंगच मानूस उतरवाचा. एक दिवस पेव उघडं ठेवाचं. मोठ्याची घाई, नाहीतर पाहुण्याची घाई, काही ऐकून घ्याचं नाही.”

रंगरावांनी मान डोलावली. देण्याघेण्याचं बोलणं त्यांच्याकडे होतं, पण अजून तिथवर विषय आला नव्हता. दारात मोतीराम पाण्याची घागर घेऊन उभा होता. त्यानं घागर खाली ठेवली आणि ऐकत राहिला.

“चांगली रीत आहे,” शेषराव म्हणाले. “फार विचारी घर दिसतं. कोणी घालून दिली?”

भगवंतरावांनी तोंड उघडलं. ‘आमच्या वडिलांनी’ एवढं सांगायला काहीच हरकत नव्हती. वडील वारून तीस वर्षं झाली होती, ते नाही म्हणायला येणार नव्हते. पण तळहाताला लावलेलं लोणी उपरण्याला पुसत ते तसेच बसले.

“पुंजाजीनं,” मधल्या दारातून आवाज आला.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. सरस्वतीबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, पदर कपाळापर्यंत. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. जिवंत होता तेव्हा त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं, गेल्यावर घरात दुसऱ्या कोणीही घेतलं नव्हतं. ते नाव त्यांच्या तोंडात जरा मोठं वाटलं, पण त्यांनी ते पुन्हा घेतलं.

“पुंजाजी माह्या मालकाचं नाव. काशीराम सालदाराले काढाले या पेवात उतरले. तवा कंदील नव्हता. दोघं बी गेले. आम्ही मानमोडी सांगतली.”

सुभद्राबाईंनी डोळे मिटून घेतले. आतल्या खोलीत शालूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. रंगराव पानाच्या तबकाकडे असे बघत होते, जणू तबकच काहीतरी बोललं होतं. भगवंतरावांना वाटलं, पाहुणे आता पायताणं शोधतील.

शेषराव हलले नाहीत. त्यांनी आपल्या गुडघ्यावरची धूळ झटकली. तिथं धूळ नव्हती.

“माझा धाकटा भाऊ,” ते म्हणाले, “बावीस वर्षांचा होता. आम्ही साप सांगतो.”

त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांपैकी एकानं दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यालाही सापच माहीत असावा.

मग शेषराव उंबऱ्याकडे वळून बसले. भगवंतरावांकडे त्यांची पाठ झाली, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल.

“बाई, बसा. आमचंबी पेव पुढच्या महिन्यात उघडायचं आहे. कंदील कुठवर सोडायचा?”

सरस्वतीबाई उंबऱ्यावरच बसल्या. “तळाले टेकेपर्यंत. मधात जळला म्हनजे झालं असं नाही. तळाले टेकला पाह्यजे, अन् शंभर मोजेपर्यंत जळला पाह्यजे. इझला तर निंबाची फांदी बांधून हालवाची. पुन्हा सोडाचा.”

“अन् पुन्हा विझला तर?”

“थांबाचं.”

“किती थांबायचं?”

सरस्वतीबाईंनी भावाकडे पाहिलं. भगवंतराव सुपारीचं तबक हातात धरून बसले होते. ते पुढं करावं की खाली ठेवावं, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

“घाई करनारा मानूस गप बसेपर्यंत,” त्या म्हणाल्या. “आमच्या इथं एकोनीस वर्सं लागले.”